आईच्या बोटांना जमेल असा रिमोट
बाबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेट्स डिजिटल करून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, कोडी नावाच्या मीडिया प्लेअरमध्ये घातल्या, त्या आईला मनात येईल तेव्हा ऐकता याव्यात म्हणून. माउस तिला नको होता. बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट घरात होता आणि त्याची बटणं तिच्या हाताखालची होती, म्हणून तोच घेतला.

पुण्यात बुधवार पेठेत रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर मागितला की बऱ्याचदा टीएसओपी १७३८ हातात देतात. पायसाठी तो घेऊ नका. त्याला ५ व्होल्ट लागतात आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. टीएसओपी ३८२३८ मागा, तो ३.३ वर नीट चालतो. दोन्ही रिसीव्हरच्या पिनांचा क्रमही वेगळा आहे: ३८२३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय, १७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. जोडणी झाली की पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये रिसीव्हर चालू करणारी जीपीआयओ-आयआरची एक ओळ टाकायची, पाय रीस्टार्ट करायचा आणि आयआर-कीटेबल हा रिमोटचे कोड दाखवणारा प्रोग्राम टेस्ट मोडमध्ये चालवून एकेक बटण दाबायचं. माझा रिमोट एनईसी प्रोटोकॉलचा, म्हणजे त्या पद्धतीने कोड पाठवणारा निघाला. पडद्यावर आलेले कोड कीमॅपच्या फाइलमध्ये, कुठला कोड म्हणजे कुठलं बटण असे लिहिले की बाण, ओके, पॉज सगळं चालू. इथवर काही अवघड नाही.

खरी अडचण आई वापरायला लागल्यावर कळली. "एक दाबलं की तीन पदं पुढं पळतंय गं," ती म्हणाली. संधिवातामुळे तिचं बोट बटणावर टेकलं की लगेच उठत नाही.

एनईसी रिमोट बटणाचा पूर्ण कोड एकदाच पाठवतो. बोट तसंच राहिलं तर साधारण दर ११० मिलिसेकंदांनी एक छोटा सिग्नल जातो: ९ मिलिसेकंदांची पल्स, सव्वादोनचा खंड आणि शेवटी एक अगदी छोटी पल्स. त्यात बटणाचं नाव नसतं, फक्त "अजून दाबलेलं आहे" एवढंच. ते बटण पुन्हा कधी आणि किती वेगाने दाबलं गेलं असं धरायचं, हे कॉम्प्युटरच्या बाजूला ठरतं. पायवरच्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, रिमोटसाठी पहिला थांबा ५०० मिलिसेकंदांचा आणि पुढचा वेग दर १२५ ला एक. आईचं बोट पाऊण सेकंद राहिलं तरी एका दाबाची तीन पावलं होतात. तिचा हिशोब अगदी बरोबर होता.

म्हणून आयआर-कीटेबलला मोठ्या डी ने पहिला थांबा ९०० आणि मोठ्या पी ने पुढचं अंतर २५० दिलं. आता एक दाब म्हणजे एकच पद. लांबच्या यादीत खाली जायला ती बटण मुद्दाम धरून ठेवते, आणि यादी तिच्या नजरेला झेपेल अशी सरकते. हे आकडे बटणानुसार वेगळे देता येत नाहीत, संपूर्ण रिसीव्हरला एकच लागतात. त्यामुळे रिमोटवरून आवाज सावकाश वाढतो, पण आवाजासाठी तिला ॲम्प्लिफायरचं बटण फिरवायलाच आवडतं.

रीस्टार्ट केलं की हे आकडे पुसले जातात. सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू होताना प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेत, ते पुन्हा देणारी एक छोटी सर्व्हिस करून कोडी सुरू होण्याआधी ती चालेल असं लावून ठेवा.

हे सगळं कोडी थेट स्क्रीनवर चालतं तेव्हाचं. तुमचा प्लेअर एक्सवर, म्हणजे लिनक्सच्या खिडक्यांच्या डेस्कटॉपवर असेल तर कर्नलचे आकडे कितीही बदला, फरक पडणार नाही. एक्स सर्व्हर ती रिपीट बाजूला ठेवून स्वतःची चालवतो. तिथे एक्ससेट या कमांडने रेट बदलावा लागतो. तिथे कीमॅपमध्ये ओके बटणाला की-ओके हे नाव न देता की-एंटर द्या. की-ओकेचा नंबर ३५२ आहे आणि एक्स २५५ च्या पुढचे नंबर ओळखत नाही.

आणि घरात कुणासाठी हे लावत असाल तर त्या माणसाच्या हातात रिमोट देऊन, शेजारी बसून आकडे ठरवा. माझ्या बोटाने तपासलं तेव्हा ५०० सुद्धा उत्तम वाटत होतं.