बाईंचा उत्क्रांतीचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर जीवशास्त्राच्या बाईच उभ्या राहिल्या. बाई म्हटलं की कोण, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही.

बाईंचा शुक्रवार कडक. सकाळी अंबाबाईचं दर्शन, दिवसभर उपवास आणि कपाळावर देवळातलं कुंकू तसंच ठेवून डार्विन शिकवायच्या. "बाई, मग आपण माकडाची पोरं व्हय?" मागच्या बाकावरून आलंच. "माकडाची नव्हे रे. त्यांचे नि आपले पूर्वज एक. भावकी म्हण."

मग वर्गातल्या हुशार मुलानं दशावतार काढला. मत्स्य, कूर्म, वराह... हे आपल्याकडं आधीच सांगून ठेवलंय की! बाई शाबासकी देतील असं आम्हाला वाटलं. त्या म्हणाल्या, "माशाचं कासव झालं असं पुराणात कुठंय? तिथं दर वेळी देवच येतो. ते देवघरात म्हण. पेपरात जीवाश्मांचा पुरावा लिही." कुणीतरी विचारलं, बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा नियम असेल तर आम्ही चांगलं का वागायचं? बाईंनी सांगितलं, एकमेकांना धरून राहणाऱ्या टोळ्या तगल्या, असं डार्विननंच १८७१ साली लिहिलंय. "आणि निसर्गात घडतं ते सगळं माणसानं करायचं असतं, तर दवाखाने कशाला बांधले असते?"

त्याच नोव्हेंबरात त्या आम्हाला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीवर पडतात तो सोहळा बघायला, घेऊन गेल्या. सूर्य दक्षिणेकडं सरकताना आणि जानेवारीअखेर परतताना मावळतीच्या एकाच जागी येतो, म्हणून हा सोहळा वर्षातून दोनदा, हे दुपारी फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. संध्याकाळी महाद्वारातून आलेली किरणं देवीच्या चरणांवरून वर चढू लागली तेव्हा बाई हात जोडून उभ्या होत्या, डोळे भरलेले. आम्हाला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही.

आज मी पुण्यात एका रुग्णालयाची सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा सांभाळतो. प्रतिजैविकाला दाद न देणारे थोडे जंतू उरतात आणि त्यांचीच वस्ती वाढते. नैसर्गिक निवड पेट्री डिशमध्ये रोज दिसते. टेबलावर अंबाबाईचा फोटो आहे. कुणी नवल केलं तर डार्विनचं १८७९ चं पत्र सांगतो. माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, याबद्दल शंका घेणंच डार्विनला निरर्थक वाटत होतं.

वाईट एवढ्याचंच वाटतं की २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे, पण माझ्या पुतणीच्या शाळेत तो "घरी वाचून या" म्हणत उरकला. बाईंच्या शाळेत तरी असं होऊ नये. हा धडा शिकवायला मी दर जूनमध्ये कोल्हापूरला यायला तयार आहे. मुख्याध्यापकांनी फक्त तारीख कळवावी.