सर्च निरंक

विलेपार्ले पूर्वेच्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट घ्यायचाय असं कुणी म्हटलं, की घराचे कागद तपासणारी वकील म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हा आधी कधी विकला गेलाय का?" "छे हो, पहिल्यापासून एकाच कुटुंबाकडे आहे," असं अभिमानाने उत्तर आलं, की समजायचं काम वाढलं. चार वेळा हात बदललेल्या घराचे कागद चार वकिलांनी आणि दोन-तीन बँकांनी चाळलेले असतात. साठ वर्षं एकाच कुटुंबात असलेल्या घराचे कागद कुणी उघडूनच बघितलेले नसतात.

ही केसही तशीच. घेणारं जोडपं डोंबिवलीचं. मुलीला पार्ले टिळकमध्ये घालायचं, लोकलचा प्रवास अर्ध्यावर आणायचा, एवढं साधं गणित. फ्लॅट दोन बेडरूमचा, भाव दोन कोटी दहा लाख. बाईंना एरिया फार आवडला होता. "किती शांत आहे ना इथे," असं त्या म्हणाल्या आणि नेमकं डोक्यावरून विमान गेलं. (ही शांतता बरीचशी विमानांचीच कृपा आहे. विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यात, इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते, बिल्डरचं गणित बसत नाही, पुनर्विकास रखडतो आणि जुन्या तीन-चार मजली इमारती तशाच राहतात.)

विकणारे काका सत्तरीचे. एक बहीण, ती पुण्याला. ती हक्कसोडपत्र द्यायला तयार. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात दोघांचीच नावं. सगळं सरळ दिसत होतं.

मी तीस वर्षांचा सर्च काढला, म्हणजे नोंदणी कचेरीतल्या या फ्लॅटच्या व्यवहारांच्या नोंदी शोधल्या. निरंक. बँकेचा अधिकारी फोनवर म्हणाला, "मॅडम, चेन ऑफ अ‍ॅग्रीमेंट्स पाठवा." पण चेन, म्हणजे आधीच्या खरेदी-विक्री करारांची साखळी, असणार कुठून? ही सोसायटी साठच्या दशकातली. सभासदांनी एकत्र येऊन प्लॉट घेतला, गृहवित्त महामंडळाचं कर्ज काढलं, इमारत बांधली आणि फ्लॅट वाटून घेतले. बिल्डरच नाही, त्यामुळे मोफाखालचा, म्हणजे बिल्डरांच्या फ्लॅटविक्रीच्या कायद्याखालचा, करारनामा नाही. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर. सभासदाकडे काय, तर पन्नास रुपयांचे पाच शेअर आणि त्या बळावर राहायचा हक्क. अडीचशे रुपयांचं शेअर सर्टिफिकेट, त्यावर आज दोन कोटींचा व्यवहार. अशा वेळी खरे कागद सरकारी कचेरीत नसतात, सोसायटीच्या ट्रंकेत असतात. म्हणून एका रविवारी सगळ्यांना त्या फ्लॅटवरच बोलावलं आणि सेक्रेटरींना सांगितलं, जे असेल ते घेऊन या.

सेक्रेटरी निवृत्त माणूस, हौशी. रजिस्टरं, इतिवृत्तं, पहिल्या सभासदांचे मूळ अर्ज, सगळं जुन्या धोतरात बांधून ठेवलेलं. महामंडळाचं कर्ज फिटल्याचा कागदही निघाला, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. बऱ्याच सोसायट्यांकडे तो नसतो. मग शेअर हस्तांतराच्या नोंदी पाहिल्या. वडील १९८३ साली गेले, नॉमिनी म्हणून शेअर आईच्या नावावर. आई २००६ साली गेली, तिच्या नॉमिनेशनवरून काकांच्या नावावर. इथवर ठीक.

शेवटी वडिलांचा १९६४ चा सभासदत्वाचा अर्ज हातात आला. खाली 'कुटुंबातील व्यक्ती' असा तक्ता. पत्नी. मुलगी, वय ११. मुलगा, वय ९. मुलगी, वय २.

"काका, ही दोन वर्षांची कोण?"

काका पंख्याकडे बघायला लागले. पुण्याच्या ताईंनी पदर सारखा केला. डोंबिवलीच्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, कारण पाच लाख टोकन कधीच देऊन झालं होतं आणि तेही साध्या पावतीवर.

"धाकटी आमची," ताई म्हणाल्या. "इंदूरला असते. लग्न पसंत नव्हतं घरात. तेव्हापासून येणंजाणं नाही."

"येणंजाणं नसलं तरी वारस आहे," मी म्हटलं.

काका उसळले. आईने नॉमिनेशन माझ्या नावे केलं, सर्टिफिकेटवर माझं नाव आहे, मग मालक मीच ना? हा गैरसमज मला आठवड्याला एकदा तरी भेटतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१६ च्या इंद्राणी वाही निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सोसायटीने शेअर नॉमिनीच्या नावे करावेत. पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही, हेही तिथेच मोकळं ठेवलं. दुसरा गैरसमज लगेच आलाच: "मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला. बाबा तर ८३ ला गेले." तो बदल वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरता. वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेल्या घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलांच्या वेळी पत्नी आणि तीन मुलं, चार सारखे वाटे. आई गेल्यावर तिचा वाटा तिघांत. म्हणजे प्रत्येकाचा एक तृतीयांश.

"जाहीर नोटीस दिली होती ना आपण पेपरात?" डोंबिवलीचे साहेब म्हणाले. "कुणी हरकत घेतली नाही." मुंबईच्या पेपरातली नोटीस इंदूरला कोण वाचतं? नोटीस द्यावी, जरूर द्यावी. पण हरकत आली नाही म्हणून कुणाचा वाटा उडत नाही.

तिचा नंबर कुणाकडे आहे, असं विचारल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे आहे. दिवाळीला बोलतो आम्ही." काकांनी बहिणीकडे असं पाहिलं, की माझ्या प्रश्नापेक्षा हाच धक्का त्यांना मोठा बसला असावा.

फोन स्पीकरवर लागला. चौकशा झाल्या, थोडं रडणं झालं, आणि मग काकांनी विषय काढला. अगं, एक सही हवी आहे.

"करीन की," पलीकडून आवाज. "भाव काय चाललाय पार्ल्यात?"

"घरातल्या घरात भाव कसला विचारतेस?"

"तू विकतोयस ना, दादा? मग भाव असेलच की."

खोलीत कुणी काही बोलेना. मग ताई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, त्या माझ्या हक्कसोडपत्रावर अजून सही झालेली नाही ना?"

"नाही, मसुदाच आहे."

"मग राहू द्या तो तसाच."

मला हसू आवरावं लागलं, हे कबूल करते. पण काकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आईचं आजारपण त्यांनी काढलं, इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचे पैसे त्यांनी भरले, आणि बहिणी कायद्याने बरोबर असल्या तरी तेव्हा इथे नव्हत्या. कायदा वाटे सांगतो, कोणी किती केलं ते मोजत नाही. ते घरच्यांनीच मोजायचं. दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत मोजणं चाललं. शेवटी ठरलं: दुरुस्तीचा खर्च आधी काकांना, उरलेल्याचे तीन सारखे भाग.

हक्कसोडपत्राचा नाद मी सोडूनच दिला. तिघंही विक्री करारात विक्रेते म्हणून सही करतील, पैसे तिघांच्या खात्यात वेगवेगळे जातील, एक टक्का टीडीएसचा फॉर्मही तिघांच्या पॅनवर वेगळा भरला जाईल. प्रतिज्ञापत्र नव्याने, तीन वारसांचं. पाच लाखांच्या टोकनची नोंद करारात. आणि डोंबिवलीच्या साहेबांना सुचवलं, घर फक्त बाईंच्या नावावर घ्या. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट सहा टक्के, एकट्या बाईच्या नावे घेतलं तर पाच. दोन लाख दहा हजार वाचतात. साहेब जरा विचारात पडले. बाई पडल्या नाहीत.

नोंदणीच्या दिवशी इंदूरच्या मावशी लेकाला घेऊन आल्या. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा मशीन घेईना, तेव्हा काकांनीच त्यांना रुमाल पुढे केला. बँकेने कर्जही दिलं; सोसायटीचं वाटपपत्र, मूळ अर्ज आणि इतिवृत्ताची प्रत जोडून मी टिपण लिहिलं, तेव्हा अधिकाऱ्याचं समाधान झालं.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, की सर्व सभासदांनी नॉमिनेशन आणि वारसांची माहिती कार्यालयात आणून द्यावी. त्यावरून तिसऱ्या मजल्यावर दोन भावांचं जोरात वाजलं, असं त्यांनीच मला फोन करून सांगितलं.