चोवीस तास पाण्यातली खडी

रस्त्यासाठी गरम डांबर आणि खडी मिसळणाऱ्या हॉटमिक्स प्लांटच्या लॅबमध्ये सकाळी आल्याआल्या मी आधी बीकर बघते. 200 ग्रॅम खडी, तिला 5 टक्के डांबर, आणि 40 अंशांच्या पाण्यात 24 तास. ही स्ट्रिपिंग टेस्ट, म्हणजे पाण्यात खडीवरचं डांबर सुटतं का ते बघणं. खडीच्या किमान 95 टक्के अंगावर डांबर टिकलं पाहिजे. काळ्यातून राखाडी दगड डोकावला की पोटात गोळा येतो, कारण पावसाळ्यात तिथेच खड्डा पडणार. दगडाला पाणी जवळचं, डांबर परकं. फट मिळाली की पाणी डांबराला बाजूला सारतं.

म्हणून डांबरात अँटीस्ट्रिपिंग, म्हणजे डांबर दगडाला धरून ठेवणारं रसायन, घालतात. माझ्या पहिल्या प्लांटवर ते अमाइनचं होतं. कुजलेल्या मासळीसारखा वास, आणि टाकीतल्या दीडशे अंशांच्या डांबरात ओतलं की वाफ थेट तोंडावर. ओतणारे काका हातमोज्यांशिवाय ओतायचे, कारण हातमोजे कुणी दिलेच नव्हते. एकदा मनगटावर उडालं. मी नळाखाली त्यांचा हात किती तरी वेळ धरून उभी होते. त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये मात्र माझ्याच अक्षरात एवढंच आहे: 'अँटीस्ट्रिपिंग 0.4 टक्के. टेस्ट पास.' ते पान मला अजून बोचतं.

आता आम्ही सिलेनवर्गातलं रसायन वापरतो. डांबराच्या 0.1 टक्क्याच्या आसपास पुरतं. ते दगडातल्या सिलिकाशी रासायनिक बंध जोडतं, त्यामुळे पाण्याला शिरायला जागा उरत नाही. तो वास नाही, शिवाय माल कमी तापमानाला मिसळता येतो. पेव्हरमागे, म्हणजे रस्त्यावर माल पसरणाऱ्या यंत्रामागे, रेक घेऊन चालणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत धूर कमी जातो. मला याचंच मोल जास्त वाटतं. विझवलेला चुना हा जुना, स्वस्त उपायही चांगला आहे, पण कोरडा उधळला तर डोळे जाळतो. पाण्यात कालवून खडीला लावलेला बरा.

डिसेंबर 2024 मध्ये नागपूरजवळ मनसरला लिग्निनपासून, म्हणजे झाडापिकांच्या काष्ठातल्या पदार्थापासून, केलेलं जैवडांबर मिसळून महामार्गाचा एक तुकडा झाला. वाचून फार आनंद झाला. पहिला प्रश्न मात्र हाच आला, की ते ओतताना माणसाला कसं वाटत असेल?

परवा नवं बॅरल आलं. झाकण उघडण्याआधी माहितीपत्रकातला त्वचेचा आणि डोळ्यांचा भाग मी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून टाकीशेजारच्या पत्र्यावर चिकटवला. खाली खिळ्याला हातमोज्यांचे चार जोड अडकवले.