आवाज न करणारी माळ

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज बोटं सोलवटलीत. दोन्ही हातांच्या तर्जनीवर, दोरा ओढताना काचतो तिथे, लालभडक रेघ उठलीय आणि ती कळली कधी तर रात्री भांडी घासायला घेतली आणि लिक्विड सोप झोंबला तेव्हा. आख्ख्या सकाळची कमाई अडीच जपमाळा. अर्धी पिशवीत कोंबून घरी आणलीय, बघू उद्या.

कोणी वाचणार नाहीये म्हणा हे, पण लिहून ठेवते. अमेरिकेत व्हर्जिनिया बीचला येऊन आम्हाला पावणेदोन वर्षं झाली. यांची नोकरी इथे म्हणून आलो, नाहीतर वसईच्या माणसाला नकाशावर हे गाव कशाला सापडायला जातंय. शेजारी नॉरफोक, तिथे जगातला सगळ्यात मोठा नौदलाचा तळ, आणि आमच्या घराच्या डोक्यावर ओशियाना, म्हणजे लढाऊ विमानांचा तळ. पहिल्या आठवड्यात दोन एफ-१८ छपरावरून गेली तेव्हा मी कुकर सोडून टेबलाखाली जायच्या बेतात होते. इथल्या लोकांना काहीच नाही वाटत. बोलता बोलता थांबतात, विमान जाऊ देतात आणि शब्द जिथे सोडला होता तिथूनच पुढे चालू. गाड्यांच्या मागे स्टिकर असतात, हा जेटचा आवाज म्हणजे स्वातंत्र्याचा आवाज वगैरे. असेल बाबा. माझ्या चहात तरंग उठतात एवढं खरं.

तर मंगळवारी सकाळची मास, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की चर्चच्या हॉलमध्ये दहाबारा जणं बसतात आणि सैन्यातल्या, मुख्यतः बोटीवरच्या, पोरांसाठी रोझऱ्या, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या जपमाळा, करतात. विकत नाहीत, फुकट. झाल्या की फादर आशीर्वाद देतात आणि मग त्या चॅप्लिनकडे, म्हणजे सैन्यातल्या फादरांकडे जातात. मी पहिल्यांदा गेले ती खरं तर कॉफी आणि डोनट बघून, आणि थोडं घरात एकटीला बसवेना म्हणून.

मला वाटलेलं मणी ओवायचे असतील. छे. मणी नाहीतच. नुसता दोरा, नायलॉनचा, छत्तीस नंबरचा, काळा नाहीतर सैन्याच्या कपड्यांसारखा मातकट-हिरवट, आणि खाली प्लास्टिकचा काळा क्रूस. पाचूबंदरला कोळी लोक जाळी दुरुस्त करत बसतात ना, हातात घेतल्यावर मला तेच आठवलं. एका माळेला वीसेक फूट दोरा लागतो. बोटाभोवती तीन वेढे द्यायचे, टोक त्या वेढ्यांच्या आतून काढायचं आणि मग हळूहळू ओढत ती गाठ मागच्या गाठीजवळ सरकवायची, एकदम ओढली की भलतीकडेच आवळते आणि मग ती देवाच्या बापालाही सुटत नाही. तीन वेढ्यांची गाठ म्हणजे नमो मरिया, चार वेढ्यांची जाडी गाठ म्हणजे आमच्या स्वर्गीय बापा. दहा-दहा छोट्यांची पाच घरं, मध्ये एकेक मोठी, आणि क्रूसाजवळच्या थोड्या, असं धरून छोट्या त्रेपन्न, मोठ्या सहा, एकूण एकोणसाठ. शेवटी लायटरने दोऱ्याचं टोक वितळवायचं, तो जळक्या नायलॉनचा वास केसांत बसतो तो दुपारपर्यंत जात नाही.

गाठ मला पहिल्याच दिवशी जमली, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यात माझं काय. लहानपणी आमच्या वाडीत मोगरा होता, पहाटेच्या गाडीने दादरला फुलं जायची, शाळेच्या आधी आम्ही पोरी गजरे बांधायचो. बोटांना दोऱ्याची सवय आहे. मोजायची नाही, हे नंतर कळलं.

तिथे एक फिलिपिनो आजी आहेत, त्यांना सगळे लोला म्हणतात, लोला म्हणजे त्यांच्याकडे आजीच. ऐंशीच्या पुढच्या असतील. इथे फिलिपिनो लोक खूप, आणि ते का खूप हे मला त्यांच्याकडूनच कळलं. १९४७ च्या कराराने अमेरिकेला तिकडे तळ मिळाले आणि त्यातच अमेरिकन नौदलाला तिथल्या पोरांची थेट भरती करायची मुभा, ती चालली पार १९९२ पर्यंत. त्यातून हजारो कुटुंबं नॉरफोक आणि सॅन दिएगोला येऊन रुजली. पण भरती कसली, तर स्टुअर्डची. अधिकाऱ्यांना वाढायचं, त्यांचे बूट पॉलिश करायचे, त्यांच्या चादरी घालायच्या, आणि साधारण १९७० पर्यंत या पोरांना बहुतेक तेवढंच काम. लोलाचा नवरा मनिलात कॉलेज शिकलेला, बोटीवर वर्षानुवर्षं बशा उचलल्या. हे सांगताना त्यांचा आवाज जराही चढत नाही आणि गाठही थांबत नाही. आम्ही दोघी तशा एकाच वळणाच्या, त्यांच्याकडे स्पॅनिश आले आणि आमच्याकडे पोर्तुगीज, त्यामुळे आडनावं ऐकून एकमेकींना हसू आलं होतं.

तर तपासणी लोलाकडे. झालेली माळ हातात घेतात, डोळे मिटतात आणि बोटं फिरवत जातात. माझी दुसरी का तिसरी माळ होती, चौथ्या दहाच्या घरात बोट थांबलं. नऊच. परत फिरवलं, नऊच. मी आपली लाजून म्हणाले, एकाने काय होतंय, देव काय मोजत बसणारे का. (हे मी आजीला म्हटलं असतं तर थोबाडीत बसली असती.) लोला म्हणाल्या, देव नाही मोजत गं, तो पोरगा मोजतो. अंधारात बंकवर पडलेला असतो, वरचा बंक नाकाला टेकलेला, त्याच्याकडे फक्त बोटं आहेत. नवव्यानंतर एकदम मोठी गाठ आली की त्याला वाटणार आपला मध्येच डोळा लागला, आणि तो पहिल्यापासून परत सुरू करणार. तुझ्या एका गाठीसाठी त्याची झोप का घालवतेस?

मी काही बोलले नाही. चुकलेल्या माळांसाठी आइस्क्रीमचा एक जुना डबा आहे, त्यात गेली ती. त्या डब्यात निम्म्या माझ्याच आहेत.

मणी का नाहीत याचंही कारण आहे, आणि तेच डोक्यात घोळतंय म्हणून खरं तर लिहायला बसले. आमच्यात एक तरुण मुलगा येतो, आधी सैन्यात होता, पायदळात. त्याने सांगितलं की मण्यांची माळ चमकते आणि वाजते, दोन्ही नको. खिशात खुळखुळ झाली की मेलास. पहिल्या महायुद्धात प्रश्न वेगळा होता, साध्या माळा तुटायच्या, म्हणून अमेरिकन सैनिकांना दिव्याची चेन ओढतो ना तसल्या बारीक गोळ्यांच्या धातूच्या साखळीची रोझरी मिळायची, तिच्या नकला अजून बनतात. त्याने स्वतःची एक वस्तू काढून दाखवली, दोरीत ओवलेले तेरा मणी, खाली नऊ आणि वर चार. मी म्हटलं ही कसली रोझरी? हसायला लागला. ती पावलं मोजायची दोरी. शंभर मीटर चाललं की खालचा एक मणी ओढायचा, नऊ संपले आणि दहावे शंभर मीटर पुरे झाले की वरचा एक ओढायचा म्हणजे एक किलोमीटर, आणि खालचे परत जागेवर. रात्री जीपीएस नसताना आपण कुठवर आलो ते कळावं म्हणून. नऊ आणि वर एक, दहाचं घर! मी ती दोरी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

मला आवाज नसलेली रोझरी माहीतच नव्हती.

आजीची माळ काचेच्या मण्यांची होती, निळ्या. संध्याकाळी सातला पंखा बंद करायची कारण पंख्याच्या आवाजात पोरं उत्तरं खातात असं तिचं म्हणणं. खाटेच्या लाकडी कडेवर तिचा हात असायचा आणि एकेक मणी सुटला की टक. आम्ही डोळे मिटून टक मोजायचो, आठ, नऊ, दहा, आता मोठा, आता उठायला किती राहिलं याचा हिशोब. लाइट गेली तरी टक टक चालूच. ऑक्टोबरात आळीतल्या एकेका घरी रोझरी, वीसपंचवीस माळांचा एकदम आवाज, चण्याच्या पुडीची वाट बघत बसलेलो आम्ही. आजी गेली तेव्हा तीच माळ तिच्या हातात गुंडाळून दिली. तिच्या खोलीत जाऊन बसले तेव्हा मला काय चुकतंय ते कळेना, आणि मग कळलं की खोली वाजत नाहीये.

आता ऑक्टोबरच चालू आहे. सात तारखेला रोझरीच्या मातेचा सण झाला, आणि तो सण आला कुठून तर एका आरमारी लढाईतून. ७ ऑक्टोबर १५७१, ग्रीसजवळचं लेपांतो, तुर्कांचं आरमार एका बाजूला आणि पोपने जमवलेलं दुसऱ्या बाजूला, आणि इकडे पोप पायस पाचवे लोकांना रोझरी म्हणायला लावतायत. जिंकल्यावर आधी नाव विजयाची माता, दोन वर्षांनी ते बदलून रोझरीचा सण. लहानपणी कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात हे ऐकलं तेव्हा फक्त गोष्ट होती. इथे येऊन, खिडकीवरून विमानं जात असताना, तीच गोष्ट जरा टोचते. त्या दोन्ही बाजूंच्या गलबतांवर वल्ही मारायला साखळदंडांनी बांधलेली माणसं होती, त्यांच्यासाठी कोण म्हणत होतं रोझरी?

बहिणीने परवा फोनवर विचारलंच. तू अमेरिकेच्या सैन्यासाठी माळा करतेस? बरी आहेस ना? मी चिडले, पण रात्री झोप नाही आली. तिचं काही चूक नाही. आयझेनहॉवर ही विमानवाहू बोट इथूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली आणि जुलै २०२४ मध्ये परत आली, मधले महिने तांबड्या समुद्रात, आणि तिथे काही माळा ओढत बसली नव्हती ती. क्षेपणास्त्रं येत होती, इकडूनही जात होती. अशा बोटीवर पाचेक हजार माणसं असतात. मी कोणाच्या विजयासाठी वगैरे गाठ मारत नाही, एवढं मी मला सांगते. गाठ मारताना डोळ्यासमोर येतो तो लोलाने सांगितलेला, नाकाला वरचा बंक टेकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. पण तो बंकवरून उठून काय करतो तेही मला माहीत आहे. हे दोन्ही एका दोऱ्यात बसत नाही. बसवायचा प्रयत्नही सोडून दिलाय.

पाठवायचीही काय काय नाटकं असतात. पूर्वी म्हणे कुठल्याही सैनिकाला असं लिहून पार्सल टाकता यायचं, २००१ मध्ये अँथ्रॅक्स या रोगाच्या जंतूंची पाकिटं निघाली तेव्हापासून ते बंद, आता घेणाऱ्याचं नाव लागतंच, आमच्या खोक्यांवर चॅप्लिनचं. आखातातल्या काही लष्करी पत्त्यांवर तर इस्लामशी न जुळणारं धार्मिक सामान ढिगाने पाठवायला पोस्टाची बंदी आहे, घेणाऱ्याच्या स्वतःच्या वापरापुरतं चालतं. म्हणजे एका पोराला एक माळ बरोबर आणि दोनशेचा खोका चूक. मला हा नियम पटला, खरं सांगायचं तर. म्हणून आमच्या बहुतेक माळा इथेच, बोट सुटायच्या आधी, धक्क्यावर चॅप्लिनच्या हातात जातात. त्यात चॅप्लिनही मोजकेच, कितीतरी बोटींवर महिनोन्महिने कॅथलिक फादर नसतो, मास नाही, कन्फेशन नाही. मग उरतं काय, तर जे हाताने, एकट्याने, फादरशिवाय म्हणता येतं ते. हॉलच्या भिंतीवर फादर कापॉन यांचा फोटो आहे, कोरियाच्या युद्धातले चॅप्लिन. कैद्यांच्या छावणीत चोरून अन्न मिळवून वाटायचे, कैद्यांना घेऊन रोझरी म्हणायचे, तिथेच मे १९५१ मध्ये गेले. त्यांचे अवशेष ओळखायला २०२१ उजाडलं. सत्तर वर्षं. फोटो थोडा तिरका लागलाय, दर मंगळवारी मनात येतं सरळ करावा आणि दर मंगळवारी राहतं.

आज एक झालं. गेल्या महिन्यात गेलेल्या एका खोक्यासाठी चॅप्लिनचा ईमेल आला होता, तो वाचून दाखवला. आभार वगैरे, माळा आवडल्या, अजून शंभर चालतील, आणि शेवटी एक ओळ, एका खलाशाच्या माळेत दुसऱ्या दहात अकरा गाठी आहेत, बदलून देऊ का विचारलं तर तो नको म्हणाला. सगळे हसले. लोला हसल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या. त्या आठवड्यात त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तपासणी मी केली होती. माझीच असणार, नाहीतर माझ्या नजरेखालून गेलेली, दोन्हीत फरक काय. नको का म्हणाला असेल ते काही लिहिलं नव्हतं. दिवसभर तेच डोक्यात. आळस असेल, नाहीतर सवय झाली असेल.

रात्री साडेनऊला आईला फोन केला, तिकडे सकाळचे सात. ती आता सकाळीच उरकते रोझरी, संध्याकाळी सिरियल असते. म्हणाली, थांब, चालू आहे माझी, तूही म्हण बरोबर. मी पिशवीतली अर्धी माळ काढली, तिसऱ्या दहापर्यंतच गाठी झाल्यात. पलीकडून स्टीलच्या टेबलावर टक, टक. मधे आमच्या छपरावरून एक विमान गेलं, तेवढा वेळ मी गप्प, मग परत सुरू. तिसरं दहा संपलं आणि माझ्या हातात पुढे नुसताच मोकळा दोरा. चौथं मी त्या सपाट दोऱ्यावरच अंदाजाने म्हणत होते, तर आई मध्येच थांबली.

"तुझी माळ वाजत नाही गं. नुसतीच तोंडाने म्हणतेयस का?"

म्हटलं, आई, आहे गं हातात, ही वाजत नाही.

"वाजत नाही म्हणजे? तुटली का?"

आता उद्या व्हिडिओ कॉल करून दाखवावी लागणार तिला. त्याच्या आधी निदान चौथं दहा पुरं करायला हवं, आणि दोन-दोनदा मोजायला हवं.