‘तुमास्नी कोन आडवनार?’

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी सुनावणी सुरू होण्यापूर्वी सरकारी वकिलांनी दाखल केलेल्या सहा पानी भाषांतराची एक प्रत माझ्याही हाती आली. पोलिसाच्या अंगावरील कॅमेऱ्यात टिपले गेलेले संभाषण त्यात डाव्या बाजूस मराठीत आणि उजव्या बाजूस इंग्रजीत छापलेले होते. चौथ्या पानावर डावीकडे ‘बघा की. तुमास्नी कोन आडवनार?’ असे वाक्य होते, आणि उजवीकडचे इंग्रजी ‘खुशाल बघा, तुम्हांला कोणीही अडवणार नाही’ अशा अर्थाचे होते. मी ते दोनदा वाचले आणि प्रत पालथी करून मांडीवर ठेवली, कारण त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते बोलून दाखवण्याचा अधिकार मला नव्हता.

न्यू जर्सीतील न्यायालयांमध्ये मी दुभाषी म्हणून काम करते. त्याआधी पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात चार वर्षे फौजदारी वकिली केली होती, त्यामुळे जीभ आवरण्याची सवय मला येथे नव्याने लावून घ्यावी लागली. दुभाष्याने काही गाळायचे नाही, पदरचे काही घालायचे नाही, कोणाला सल्ला द्यायचा नाही, आणि बोलणाऱ्याच्या जागी स्वतःच ‘मी’ म्हणून बोलायचे, हे आमच्या कामाचे नियम आहेत. आरोपीशेजारची ही खुर्चीही आपोआप आलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये रोहेलिओ नेग्रोन नावाच्या, पोर्तो रिकोहून आलेल्या शेतमजुरावर खुनाचा खटला चालला. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि त्याच्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. सरकार पक्षाच्या दुभाषीने मध्यंतरात काही मिनिटे साक्षींचा सारांश त्याला सांगितला, एवढीच काय ती सोय होती. १९७० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ती शिक्षा टिकू दिली नाही. साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारण्याचा हक्क अमेरिकेच्या सहाव्या घटनादुरुस्तीने दिलेला आहे, आणि साक्षीदार काय बोलतो आहे हेच आरोपीला कळत नसेल तर तो हक्क नावापुरताच उरतो, असा त्या निकालाचा आशय होता.

त्या दिवशीचे आरोपी साठीकडे झुकलेले, सांगली जिल्ह्यातले गृहस्थ होते; त्यांना मी येथे काका म्हणते. (सुनावणी खुल्या न्यायालयात झाली असली तरी ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) थोरल्या भावाच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळवून ते आले होते, किराणा मालाच्या गोदामात काम करत होते आणि दोन तरुणांबरोबर भाड्याच्या घरात राहत होते. एका रात्री नऊच्या सुमारास दोन पोलीस त्या तरुणांपैकी एकाची चौकशी करत दाराशी आले. तो घरी नव्हता. पोलिसांजवळ झडतीचे वॉरंट नव्हते. वीस मिनिटांनी काकांच्या पलंगाखाली नव्या मोबाइल फोनची दोन खोकी सापडली आणि चोरीचा माल बाळगल्याचा आरोप त्यांच्यावर आला.

सरकार पक्षाने तडजोड देऊ केली होती: गुन्हा कबूल करा, तुरुंगवास टळेल. ऐकायला ती सोयीची वाटते. पण २०१० च्या पॅडिला विरुद्ध केंटकी या निकालापासून, कबुलीजबाबामुळे परदेशी नागरिकाला हद्दपार व्हावे लागण्याचा धोका असल्यास तो त्याला समजावून सांगणे हे वकिलाचे घटनात्मक कर्तव्य ठरले आहे. काकांच्या वकीलबाई सरकारी खर्चाने नेमलेल्या होत्या. १९६३ च्या गिडियन प्रकरणानंतर गरीब आरोपीला वकील देणे राज्यांवर बंधनकारक आहे. त्यांनी तो धोका काकांना तासभर समजावून सांगितला, अर्थात माझ्या तोंडून. काकांनी तडजोड नाकारली आणि वकीलबाईंनी झडतीलाच आव्हान दिले.

चौथी घटनादुरुस्ती १७९१ सालची आहे. व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असे ती सांगते. मात्र पोलिसांनी तिचा भंग केल्यास पुढे काय, हे तिच्यात लिहिलेले नाही. ते न्यायालयांनी ठरवले. १९५७ मध्ये क्लीव्हलँडच्या डॉलरी मॅप या बाईंच्या घरात पोलीस घुसले. बाईंनी वॉरंट मागितले तेव्हा त्यांनी एक कागद फडकावला; बाईंनी तो हिसकावून चोळीत खोवला, आणि पोलिसांनी झटापट करून तो परत घेतला. खटल्यात ते वॉरंट कधीच हजर झाले नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही चालणार नाही, असा निर्णय दिला.

पुण्याच्या माझ्या वकिलीशी हे अगदी उलटे आहे. आपल्याकडे १९७२ च्या मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, पुरावा गैरमार्गाने मिळवलेला असला तरी तो ग्राह्य धरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि तोच विचार पुढे चालत आला. उलट, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात १८७२ च्या पुरावा अधिनियमापासून आरोपीविरुद्ध चालत नाही, आणि येथे मात्र मिरांडा निकालातील सूचना (गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क आहे, अशी) दिल्यावर घेतलेला जबाब सर्रास वापरला जातो. दोन्ही देशांना पोलिसांवर अविश्वास आहे. पण तो वेगवेगळ्या जागी आहे. गुन्हेगाराने सुटावे का, तर हवालदार चुकला म्हणून, असा टोला न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १९२६ मध्येच मारून ठेवला होता, आणि येथे आल्यावर पहिली काही वर्षे माझेही मत त्यांच्या बाजूचे होते.

सकाळचा सगळा वेळ पोलीस अधिकाऱ्याच्या साक्षीत गेला. त्यांचे म्हणणे सरळ होते: आम्ही परवानगी मागितली, यांनी दिली, आणि संमतीच्या छापील नमुन्यावर सहीही केली. घरात राहणाऱ्याने राजीखुशीने संमती दिली तर वॉरंट लागत नाही, हे खरेच आहे. मग चित्रफीत दाखवण्यात आली. अधिकारी नम्र होते. आत येऊन एक नजर टाकायची आहे, चालेल ना, असे त्यांनी विचारले. पण विचारता विचारता त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आलेला पडद्यावर स्पष्ट दिसत होता. काका मागे सरकले, हात पसरले आणि ते वाक्य बोलले. थोड्या वेळाने, पोलीस खोलीकडे वळल्यावर, काकांनी आणखी काहीतरी विचारले. भाषांतरात त्या ठिकाणी ‘अस्पष्ट’ एवढाच शेरा होता. मला ते स्वच्छ ऐकू आले. ‘पंच कुठायत?’

ध्वनिमुद्रणातले बोलणे जागच्या जागी भाषांतर करून सांगणे हे माझे त्या दिवशीचे काम नव्हते, आणि दुसऱ्याच्या भाषांतराची तपासणी करणे तर नव्हतेच. मी गप्प राहिले. त्या वीस-पंचवीस मिनिटांइतके गप्प राहणे मला एरवी कधी जड गेलेले नाही. हात वर करून ‘हे चुकले आहे’ असे मी म्हटले असते तर त्याच क्षणी मी दुभाषी न राहता एका पक्षाची साक्षीदार झाले असते, आणि पुढे माझ्या तोंडून येणाऱ्या काकांच्या प्रत्येक शब्दावर शंका घेतली गेली असती.

जेवणाच्या सुट्टीनंतर काका साक्षीला उभे राहणार होते. त्याआधी त्यांनी वकीलबाईंना विचारले की, मी तिथं बोललो तर माझ्याच गळ्याशी येणार नाही ना? वकीलबाईंनी सांगितले की, १९६८ च्या सिमन्स निकालानुसार झडतीविरुद्धच्या सुनावणीत आरोपीने दिलेली साक्ष पुढे खटल्यात त्याचा गुन्हा शाबीत करण्यासाठी वापरता येत नाही. नाहीतर एक हक्क मागण्यासाठी दुसरा सोडावा लागेल. काकांनी मान डोलावली. त्यांना ते कितपत पटले हे मला सांगता येणार नाही.

साक्षीत वकीलबाईंनी विचारले, पोलीस आत यायचे म्हणाले तेव्हा तुम्ही काय बोललात?

‘त्येंनी पाय आत टाकलावता,’ काका म्हणाले. ‘मग मी म्हनलं, बघा की, तुमास्नी कोन आडवनार? पोलिसाला कोन न्हाई म्हनतंय?’

आता ते शब्द माझे होते. प्रश्नाचा मी प्रश्नच ठेवला: ‘हू इज गोइंग टु स्टॉप यू?’ ‘बघा की’ मधला ‘की’ मात्र इंग्रजीत आणता आला नाही. आग्रहाचा, वैतागाचा, हतबलतेचा असा कोणताही ‘की’ असू शकतो, आणि आवाज ऐकल्याशिवाय तो ठरत नाही. काका पुढे म्हणाले की, मी पंच कुठे आहेत असेही विचारले होते. येथे मी न्यायाधीशांची परवानगी घेऊन सांगितले की, ‘पंच’ या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही. भारतात झडतीच्या वेळी परिसरातील स्वतंत्र साक्षीदार हजर ठेवण्याची कायद्याची रीत आहे, त्या साक्षीदारांसाठी हा शब्द वापरतात. न्यायाधीशांनी ते लिहून घेतले.

सरकारी वकील ताबडतोब उभे राहिले. दुभाषीने सांगितलेले इंग्रजी दाखल केलेल्या भाषांतराशी जुळत नाही, अशी त्यांची हरकत होती. दोन्ही वकिलांना आणि मला न्यायासनाजवळ बोलावण्यात आले. मी एवढेच म्हणाले की, आत्ता ऐकलेल्या शब्दांच्या माझ्या भाषांतरावर मी ठाम आहे. दुसऱ्याच्या भाषांतराबद्दल मत देणे माझ्या कामात बसत नाही. न्यायालयाला हवे असल्यास दोहोंशी संबंध नसलेल्या तिसऱ्या भाषांतरकाराकडून ध्वनिमुद्रण तपासून घेता येईल. न्यायाधीशांनी तसा आदेश दिला.

उलटतपासणी थोडक्यात आटोपली. पोलिसांनी आरडाओरडा केला का? ‘न्हाई.’ धमकी दिली? ‘न्हाई. लई चांगलं बोलत हुते.’ तुम्ही त्यांना बाहेर जा म्हणालात? ‘न्हाई.’ काकांनी एकाही उत्तराला मुरड घातली नाही. त्यांच्या वकीलबाईंनाही ते अवघड वाटले असावे.

युक्तिवादात वकीलबाईंनी १९६८ चा बंपर विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना हा निकाल काढला. आडरानातल्या एका घराच्या दारात चार गोरे पोलीस उभे होते आणि दार उघडणारी सहासष्ट वर्षांची कृष्णवर्णीय विधवा आजी होती. आमच्याजवळ वॉरंट आहे, असे ऐकल्यावर ती ‘गो अहेड’ म्हणाली. आत बंदूक सापडली आणि नातवावर खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी लिहिले की, अधिकाराच्या दाव्यापुढे मान तुकवणे म्हणजे संमती नव्हे. सरकारी वकिलांनी उत्तर दिले की, येथे कोणी वॉरंटचा दावा केलेला नाही, आणि १९७३ च्या श्नेकलॉथ निकालानुसार ‘नाही म्हणता येते’ हे माणसाला ठाऊक होते असे सिद्ध करण्याची सरकारवर सक्ती नाही. केंद्रीय कायद्यापुरते ते बरोबरच होते. पण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये जॉन्सन प्रकरणात स्वतःच्या राज्यघटनेचा आधार घेऊन वेगळी वाट धरली: संमती देणाऱ्याला नकाराचा हक्क माहीत होता, हे सरकारनेच दाखवून द्यायचे. अमेरिकेत एकाच दाराला दोन घटनांची कुलपे असतात. देशाच्या घटनेने दिलेल्या हक्कांत राज्याला काटछाट करता येत नाही, मात्र भर घालता येते. हीच घटना दुसऱ्या एखाद्या राज्यात घडली असती तर काकांचा अर्ज कदाचित फेटाळला गेला असता.

पाच आठवड्यांनी न्यायाधीशांनी निकाल वाचून दाखवला आणि मी तो काकांच्या कानाशी कुजबुजत मराठीत सांगत गेले. नव्या भाषांतरात ते वाक्य प्रश्नार्थकच आले होते आणि ‘अस्पष्ट’च्या जागी पंचांचा प्रश्नही आला होता. न्यायाधीश म्हणाले की, अधिकारी सभ्यपणे वागले यात शंका नाही, पण सभ्यपणा हा येथील प्रश्न नाही. नकाराच्या हक्काची ओळ संमतीच्या नमुन्यात होती. ती इंग्रजीत होती, इंग्रजीतच भराभर वाचली गेली होती, आणि तिच्याखालची सही देवनागरीत होती. न कळणाऱ्या भाषेत सांगितलेला हक्क त्या माणसाला माहीत होता, असे म्हणता येत नाही. शिवाय जो झडतीला साक्षीदार कुठे आहेत असे विचारतो, तो झडती होणारच आहे असे धरून चाललेला असतो. पुरावा वगळण्यात आला.

काकांनी मला थांबवून हळूच विचारले, ‘म्हंजे मला न्हाई म्हनता येत हुतं?’ नियमाप्रमाणे मी तो प्रश्न इंग्रजीत वकीलबाईंकडे वळवला. त्या ‘येस’ म्हणाल्या. मी ‘हो’ म्हणाले.

फोन कोणी आणले होते हे त्या सुनावणीत ठरायचे नव्हते, आणि ते ठरलेही नाही. ज्याचा माल गेला त्याच्या दृष्टीने ही किंमत आहे आणि ती खरी आहे. पुरावाच उरला नाही म्हणून महिनाभराने आरोप मागे घेण्यात आला. झडतीत पोलिसांनी काकांची पत्र्याची छोटी पेटीही नेली होती; तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, बायकोचा फोटो आणि भावाची पत्रे होती. ती परत मिळवण्यासाठी भरायचा एक पानी नमुना वकीलबाईंनी न्यायालयाच्या व्हरांड्यातच काकांपुढे ठेवला आणि कुठे सही करायची ते बोट ठेवून दाखवले. काकांनी पेन घेतले, टोपण काढले, आणि मग कागद माझ्याकडे सरकवला.

‘ताई, आदी समदं वाचा. खालचं बारीकबी.’

मी ते समदे वाचले. त्यांनी ते आणखी एकदा वाचायला लावले, दोन ठिकाणी अर्थ विचारला, आणि मग देवनागरीत सही केली.