बुधवारची अर्धी सुट्टी

परवा दुपारी जेवणानंतर मोबाइलवर फुटबॉलचे निकाल चाळताना 'वेन्सडे' हरल्याची ओळ दिसली. शेफिल्ड वेन्सडे या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबाचे नाव माझ्या चांगले परिचयाचे आहे, तरीही एखादा वार सामना कसा हरू शकतो, असे दर वेळी क्षणभर वाटतेच.

हा वार त्यांना अर्ध्या सुट्टीने दिला. शेफिल्ड हे चाकूसुऱ्या आणि पोलादाचे गाव. तिथल्या ज्या कारागिरांना बुधवारी दुपारी काम नसे, त्यांनी १८२० मध्ये क्रिकेट क्लब काढला आणि त्याला वाराचेच नाव दिले. पुढे हिवाळ्यात मंडळी पांगू नयेत म्हणून ४ सप्टेंबर १८६७ रोजी अडेल्फी हॉटेलात बैठक भरवून त्यांनी फुटबॉल सुरू केला. पानात डावीकडे वाढलेल्या लोणच्याने अख्खे ताट बळकवावे, तसे मग झाले. क्रिकेट क्लब केव्हाच मिटला आणि फुटबॉल क्लबाने चार वेळा इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकली, त्यातली शेवटची १९३० मध्ये. १९२९ पर्यंत क्लबाचे अधिकृत नाव नुसते 'द वेन्सडे' होते. त्यात गावाचा उल्लेखसुद्धा नव्हता. मला ते जुने नावच अधिक आवडते.

अर्ध्या सुट्टीची किंमत शनिवारच्या सकाळच्या शाळेत गेलेल्यांना सांगावी लागत नाही. रविवार कितीही मोठा असला तरी दुपारपासूनच त्यावर सोमवारची सावली पडू लागे. शनिवारी मात्र दप्तर कोपऱ्यात भिरकावून, गरम आमटीभात घाईघाईने गिळून मैदानाकडे धावताना पुढे अजून एक अख्खा दिवस शिल्लक असे. इंग्लंडमधल्या कामगारांनाही शनिवारची अर्धी सुट्टी मिळू लागली आणि तिथले सामने शनिवारी दुपारी तीनला ठरून गेले. परिणामी बुधवार वर्षानुवर्षे शनिवारी खेळत आला आहे.

या क्लबाच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. मैदानाच्या लेपिंग्स लेन नावाच्या रस्त्याकडच्या बाजूला, जाळीच्या कुंपणाआड गर्दी चेंगरली आणि सामना सहा मिनिटांतच थांबवावा लागला. त्या दुर्घटनेने एकूण ९७ माणसांचा बळी घेतला. त्यांतली कितीतरी शाळकरी वयाची मुले होती.

वार शनिवार होता, दुपारचे तीन वाजून गेले होते.