एकोणसाठ कुठे येतं?

प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकवायला कोण हवं, असं कुणी विचारलं तर माझं मत निवृत्त सुताराला. ठाण्यातली वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. त्यामुळे किसननगर, लोकमान्यनगर भागात हाताला वळण असलेली आणि दुपार रिकामी असलेली माणसं अजून सापडतात.

दुपार महत्त्वाची. दोन ते चार हीच वेळ घरकाम करणाऱ्या बायकांना जमते. पहिल्या दिवशी वही काढूच नये, आधी सुईत दोरा ओवायला द्यावा. हात लांब धरून ओवू लागल्या तर अडचण अक्षरांची नाही, चाळिशीची आहे. चश्मा आल्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

मग पेन्सिल. मोठ्या माणसाची पकड घट्ट असते. टोक मोडतं, कागद फाटतो. मऊ पेन्सिल, खाली पुठ्ठा आणि दोन ओळींत बोटभर अंतर, एवढ्याने निम्मा त्रास जातो. सुरुवात अ-आ-इ पासून नको, ग म भ न पासून करावी. चारही दांडीची अक्षरं. आधी अंग, मग दांडी, आणि शब्द पुरा झाला की शिरोरेघ. गोची इथेच होते. रेघ सरळ ओढून टाकली की ‘धर’चं ‘घर’ होतं आणि ‘भात’चा ‘मात’. ध, भ, थ यांच्या डोक्यावर फट राहायला हवी. सुतार म्हणतो, “ताई, इथला सांधा उघडा ठेवायचा.” ते चटकन पटतं.

त्याची खरी कमाल आकड्यांत. मोबाइलमुळे इंग्रजी आकडे बहुतेकींना ओळखता येतात, पण ‘एकोणसाठ’ सांगितलं की ६९ लिहिलं जातं, कारण कानाला साठ ऐकू येतं. ‘सत्तेचाळीस’चे ७४ होतात, कारण सात आधी ऐकू येतो. फळ्यावर कितीही समजवा, उपयोग थोडा. मिस्त्रीकाका टेप ओढतात आणि सेंटिमीटरच्या बाजूला साठावर बोट ठेवायला लावतात. एक घर मागे या. झालं एकोणसाठ. इंचांच्या बाजूला अपूर्णांकही मिळतात: एका इंचाचे आठ सूत, म्हणून सव्वाचार म्हणजे चार इंच दोन सूत. पाव, सव्वा, पावणे हा हिशेब बायकांना तोंडी येतच असतो, फक्त कागदावर उतरवायचा असतो.

सरकारच्या उल्लास या साक्षरता योजनेत १५ वर्षांपुढच्यांची १५० गुणांची चाचणी असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. तिथेही टेपवरची तयारी कामी येते.

कारागिराचे दोषही सांगितले पाहिजेत. अक्षर गुण्यात (सुताराच्या काटकोनात) बसलं नाही की त्याचे हात शिवशिवतात. पेन्सिल काढून घेऊन तो स्वतःच लिहून दाखवतो. संस्थेने पहिल्याच आठवड्यात बजावावं, की समोरच्या वहीला हात लावायचा नाही, स्वतःची वेगळी वही ठेवायची.

आणि सहीची घाई नको. सगळ्यांना तीच आधी हवी असते, हे खरं. पण सुरुवातीची सही म्हणजे पाठ केलेलं चित्र. अंगठ्याच्या जागी ती बँकेत नमुना म्हणून दिली, की तीन-चार महिन्यांत अक्षर सुटं होतं, सही बदलते आणि पैसे काढायच्या स्लिपवर जुळेनाशी होते. तोवर कोऱ्या स्लिपांवर तारीख, खाते क्रमांक, रक्कम आधी अंकी, मग अक्षरी, एवढंच गिरवून घ्यावं. खाते क्रमांक तीन-तीन आकडे तोडून वाचायला लावावा, नाहीतर मधला एखादा शून्य हमखास गळतो.